वेशीतून गेलेला समुद्र

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेळकुंडीच्या समुद्राचा आवाज मुंबईला जायचा बंद झाला.

आवाज इथे होता. पत्र्याच्या खोलीत, हेडफोनमध्ये, पडद्यावर हलणाऱ्या निळ्या रेषेत तो होता. पण तो मेलला जोडून पाठवणारी स्क्रिप्ट दर वेळी अर्ध्या वाटेवरून माघारी येत होती, आणि पडद्यावर तीच लाल ओळ उमटत होती: समोरच्याची ओळख पटत नाही, जोडणी तोडली.

शमिका तांडेल सकाळपासून त्या ओळीशी झगडत होती. बंदराच्या टोकाला, बर्फाच्या कारखान्यामागे असलेल्या या खोलीला गावातले लोक 'कान' म्हणत. शमिका खंय असा, असं कुणी विचारलं तर घरून उत्तर यायचं, कानार बसली हा.

आणि खरोखरच तो कान होता. खोलीतून केसाएवढ्या काचेची एक तार निघून समुद्राच्या तळावरून पार आतल्या कातळांपर्यंत गेली होती. यंत्र त्या तारेत प्रकाशाची लुकलुक सोडी, सेकंदाला हजारो वेळा. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक बारीक दोष उरतात, आणि प्रत्येक दोषावर आपटून कणभर प्रकाश मागे फिरतो. तळ हलला, वरून लाट गेली, कुणाचं इंजिन धडधडलं, की तार नावापुरती ताणली जाते आणि मागे फिरलेला प्रकाश किंचित वेगळा येतो. त्या फरकातून यंत्र आवाज विणतं. शमिकाला ते सगळं आईच्या हातातल्या जाळ्यासारखं वाटे. एक धागा कुठेतरी दूर ओढला जातो, आणि इथे बोटाला कळतं.

या कानाचं मोल एका गोष्टीसाठी होतं. इकडे कधी कधी आभाळ स्वच्छ असतं, वारा पडलेला असतो, पाणी तेलासारखं पसरलेलं असतं, आणि तरी अचानक भिंतीसारखी लाट उठून होड्या पालथ्या घालते. तिला शेळकुंडीत 'मुकी लाट' म्हणत. कुठेतरी हजार मैलांवर झालेल्या वादळाची ती उशिरा पोचलेली लेक. कान बसवल्यावर कळलं की ती मुकी नव्हती. लाट यायच्या कितीतरी आधी तिची धडधड समुद्राच्या तळातून धावत पुढे येते. फक्त तिचा सूर इतका खोल असतो की माणसाला तो ऐकू येत नाही. यंत्राने त्याची पट्टी चढवली की हेडफोनमध्ये एक हुंकार उमटतो, झोपेत कुणी कूस बदलल्यासारखा.

पहिल्यांदा तो हुंकार ऐकला तेव्हा शमिकाला आई आठवली. बांगडे साफ करताना आई हळू आवाजात म्हणायची,

समिंदराच्या पोटी, कोण बोलतं हळूहळू
बंधवाच्या होडीला, नको लाटे नको छळू

आई गेली. पोटातलं बोलणं ऐकायचं काम लेकीकडे आलं, आणि बंधव म्हणजे तिचा थोरला भाऊ भगवंत, ज्याला सगळं बंदर भगो म्हणतं, तो होडी घेऊन त्याच पाण्यावर जात राहिला.

मागच्या हंगामात कानाने उगाचच लाल निशाण चढवलं होतं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तेव्हा निशाण चढवायचा हक्क शमिकाच्या हातात होता. होड्या किनाऱ्यावर बसल्या, समुद्र दिवसभर पाळण्यासारखा हलत राहिला. चहाच्या टपरीवर लोक भगोला विचारू लागले, काय रे, बहिणीचो कान दुखता काय? वहिनी, दर्शना, ती तर घरातच होती. भात वाढताना तिने एकदा म्हटलं, "कान तुझो, बाय, आणि पोटां आमची उपाशी." हसत म्हटलं, पण त्यानंतर भाऊ-बहीण काही दिवस एकमेकांशी जेवणापुरतंच बोलत होती.

म्हणून यंदा निशाणाचा हक्क मुंबईच्या किनारा सूचना केंद्राकडे गेला. रोज पहाटे कानाने आवाजाची फाइल मेलला जोडून पाठवायची, तिथल्या शास्त्रज्ञांनी ती ऐकायची, मोजायची, आणि तिथूनच किनाऱ्यावरच्या सगळ्या बंदरांचं निशाण हिरवं किंवा लाल व्हायचं. दुनिया कुठल्या कुठे गेली तरी सरकारी काम मेललाच चिकटून होतं. मेल पोचल्याचा पुरावा राहतो, असं वरचे लोक सांगत.

आणि उद्या पौर्णिमा. उद्या सोन्याचा नारळ पाण्यात सुटणार, होड्या निघणार, आणि नेमकी आजचीच फाइल अडून बसलेली.

शमिकाने एकेक धागा तपासला. पासवर्ड बरोबर होता. पोर्ट बरोबर होता. रात्री वीज गेली की खोलीतलं घड्याळ मागे पडे आणि आजचं प्रमाणपत्र त्याला उद्याचं वाटून स्क्रिप्ट रुसून बसे. पण आज घड्याळही बरोबर होतं. फाइल लहान करून पाहिली, रिकामं मेल पाठवून पाहिलं. तेही परत.

सुरक्षित जोडणीची रीत तशी साधी. समोरच्याने आधी आपली ओळख सांगायची. त्या ओळखीवर कुणा विश्वासू तिसऱ्याचा शिक्का हवा. तो शिक्का आपण पारखायचा, मगच दोघांनी मिळून एक किल्ली ठरवायची, आणि पुढचं सगळं बोलणं कुलपात. स्क्रिप्ट ओळखीशीच अडत होती. शेवटी शमिकाने समोरून आलेलं प्रमाणपत्र उघडून वाचलं. त्यावर सूचना केंद्राचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं: वेस.

तिने रत्नागिरीला राजाध्यक्ष साहेबांना फोन लावला. किनाऱ्यावरचे सगळे कान त्यांच्या हाताखाली होते. चांगला माणूस, पण कायम दुसऱ्या फोनवर असलेला. त्यांनी घाईघाईत समजावलं की वेस म्हणजे सरकारी मेलची नवी चौकी. आता प्रत्येक मेल तिच्यातून जातं. ती अटॅचमेंट उघडते, विषाणू तपासते, पुन्हा बंद करून पुढे पाठवते. तिचं प्रमाणपत्र रीतसर मागवता येईल, पण अर्ज वर जाऊन खाली यायला पंधरवडा लागेल.

"तोवर काय करू, साहेब? उद्या होड्या जायच्यात."

"ती ओळख तपासायची ओळ असते ना स्क्रिप्टमध्ये? बंद करून टाक. सगळे तेच करतात. आतलं कुलूप तर राहतंच."

शमिका क्षणभर पडद्याकडे पाहत राहिली. वेशीवर अनोळखी माणूस उभा आहे हे स्क्रिप्टने सकाळपासून ओरडून सांगितलं होतं. तिने ती ओळ शोधली. 'ओळख तपास' याच्यापुढे 'हो' होतं, तिथे 'नाही' केलं. स्क्रिप्ट एका दमात धावली. पडद्यावर हिरवं कुलूप उमटलं, आणि थोड्याच वेळात मुंबईहून उत्तर आलं: फाइल मिळाली. समुद्र शांत.

*

पौर्णिमेला होड्या गेल्या. गुलाल, ताशे, पोरींच्या केसांत अबोली. शमिका मात्र कानात बसली होती, कारण तिला एक आवाज चुकवायचा नव्हता.

खाडीच्या मुखाशी, जिथे गोडं पाणी संपून खारं सुरू होतं, तिथे तिचे बाबा होडीच्या फळीवर तळहात तीनदा मारायचे. समुद्राच्या दारात शिरताना दिलेली थाप. बाबा गेले, थाप भगोच्या हातात आली. तार तिथूनच तळाखाली जात होती. हेडफोनमध्ये आधी इंजिनची भुणभुण आली, मग ठप, ठप, ठप. शमिका एकटीच हसली. भगोला हे माहीत होतं. तो समुद्राला थाप देई, आणि आता थोडी बहिणीलाही. दोघांमध्ये न बोलता मिटलेलं भांडण त्या तीन थापांत होतं.

मग दिवस सुरळीत गेले. पहाटे फाइल जाई, उत्तर येई, निशाण हिरवं होई. मासळी चांगली लागत होती. टपरीवर कुणी कानाचं नाव काढेना. दर्शना वहिनीने शमिकाच्या पानात सरंग्याची तुकडी वाढत म्हटलं, "कानाक बरां वाटताहा वाटता." राजाध्यक्ष साहेबांनी फोन करून शाबासकी दिली. प्रमाणपत्राच्या अर्जाचं काय झालं ते कुणीच कुणाला विचारलं नाही.

एक दिवस जाळं झाडताना भगोच्या पायात पाकट माशाचा विषारी काटा घुसला. पाय सुजून भोपळ्यासारखा झाला आणि भगो खाटेवर पडला. होडी वाळूत ओढून ठेवली. दोन दिवसांनी सकाळी केंद्रातून ऋजुताचा फोन आला. ऋजुता घाणेकर म्हणजे मुंबईत शेळकुंडीची फाइल ऐकणारी शास्त्रज्ञ. दोघी कधी भेटल्या नव्हत्या, पण महिनाभर रोज एकच समुद्र ऐकल्याने त्यांच्यात एक सलगी आली होती. काही नोंदीविषयी विचारून झाल्यावर ऋजुता म्हणाली की तुमच्याकडची फाइल ऐकणं हा तिच्या दिवसातला सगळ्यात गोड भाग असतो.

"आणि तुझ्या भावाच्या त्या थापा. आज सकाळी तर इतक्या स्पष्ट होत्या, मी दोनदा ऐकल्या."

शमिका हसली. मग तिचं हसू ओठांवरच राहिलं.

"आज सकाळी?"

"हो. साडेपाचच्या सुमारास. का ग?"

खिडकीतून वाळूवरची होडी दिसत होती. तिच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं.

*

शमिकाने ती फाइल परत मागवली. मेलने नको, म्हणाली. तिथल्या स्पीकरला फोन लावून ऐकव. ऋजुताने फोन स्पीकरपाशी धरला आणि शमिकाने मुंबईत पोचलेला आपला समुद्र पहिल्यांदा ऐकला.

फार सुंदर समुद्र होता तो. लाटा अंतराअंतराने येत होत्या, कुठेतरी मासे किटकिटत होते, एक इंजिन लांबून जवळ येत होतं. ठप, ठप, ठप. आणि इंजिन पुन्हा दूर जात होतं. शमिकाने आपल्या यंत्रातली त्याच सकाळची मूळ नोंद लावली. पाऊस पडून गेल्याने खाडीचं पाणी गढूळ, खरबरीत वाहत होतं. इंजिन नव्हतं. थाप नव्हती. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, पट्टी चढवल्यावर, अगदी बारीक हुंकार होता. मुंबईच्या समुद्रात, ऋजुताने पट्टी चढवूनही, हुंकार नव्हताच.

तिने दिवसभर वेशीची माहिती धुंडाळली, आणि संध्याकाळपर्यंत तिला सगळं उमगलं.

वेस फाइल तपासून पुढे पाठवत नव्हती. रोज कोट्यवधी मेल, त्यांना जोडलेल्या बैठकांच्या, भाषणांच्या, चौकशांच्या ध्वनिफिती. एवढं ओझं कोण वाहणार? म्हणून वेस आवाज ऐके आणि त्याचं वर्णन तेवढं करी. पुढच्या टोकाला त्या वर्णनावरून आवाज नव्याने तयार होई. माणसाच्या बोलण्यासाठी ही युक्ती अगदी बेमालूम चाले. शब्द तेच, गळा तोच, खोकला आणि पंख्याची घरघर गायब. माणसाच्या गळ्याच्या खाली जे काही असेल ते तिच्या लेखी गोंगाट. समुद्राचा हुंकार तर त्या सगळ्याच्या फार खाली. तो पहिल्याच दिवशी झाडून टाकला गेला. उरलेल्या समुद्राचं वेशीने वर्णन केलं: लाटा, मासे, होडी, तीन थापा. आणि रोज तेच ऐकून ती शिकली की शेळकुंडीची सकाळ अशीच असते. मग एक दिवस थापा आल्या नाहीत तेव्हा तिला वाटलं, वाटेत काहीतरी हरवलं. तिने ते भरून दिलं.

कुलूप दोन्हीकडे हिरवं होतं. शेळकुंडीपासून वेशीपर्यंत एक कुलूप, वेशीपासून मुंबईपर्यंत दुसरं. मध्ये मात्र पेटी उघडून कुणीतरी समुद्र बदलून ठेवत होतं.

राजाध्यक्ष साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले की वेशीमुळे खोटे इशारे थांबलेत, वर सगळे खूश आहेत. मुंबईत येणारी नोंद पहिल्यापेक्षा स्वच्छ आहे. तुझा हा हुंकार म्हणजे मागच्या वर्षीसारखंच काही नसेल कशावरून? लेखी कळव, बघतो.

शमिकाने लेखी कळवलं. मेलला दोन फाइल जोडल्या, मूळ नोंद आणि मुंबईला पोचलेली, फोनवरून टिपून घेतलेली, आणि दोन्हींतला फरक ऐका असं लिहिलं. दुपारी ऋजुताचा फोन आला. तिच्या आवाजात काळजी होती, पण ती शमिकाविषयीची.

"दोन्ही फाइल आम्ही तिघांनी ऐकल्या ग. सारख्याच आहेत. दोन्हींत थापा आहेत."

 तक्रारही त्याच वेशीतून गेली होती.

मग तिने स्क्रिप्ट उघडली आणि 'नाही' पुसून तिथे पुन्हा 'हो' लिहिलं. स्क्रिप्टने वेशीशी हात मिळवला, ओळख मागितली, ती पटली नाही आणि जोडणी तोडली. तीच लाल ओळ. आता ती ओळ पाहून शमिकाला बरं वाटलं. निदान खोटं तरी जाणार नाही. फाइलच गेली नाही की मुंबईत गडबड उडेल, कुणीतरी धावत येईल, आणि हिरवं निशाण आपोआप उतरेल.

दुसऱ्या सकाळी निशाण हिरवंच होतं. तिने ऋजुताला विचारलं, आजची फाइल आली?

"आली की. रोजच्या वेळेला."

"ऋजुता, मी काही पाठवलं नाही."

 मग ऋजुता हळूच म्हणाली, "मी ऐकली, शमिका. आत्ताच."

फोनवरच्या शब्दावर निशाण उतरवायचा हक्क ऋजुताला नव्हता, म्हणून ठरलं की मूळ नोंद पेन ड्राइव्हवर घेऊन शमिकाने स्वतः मुंबईला जायचं, ऋजुताच्या हातात द्यायची. मध्ये कुणी नको. सोमवारची गाडी होती. भगोच्या पायाची सूज उतरली होती, आणि तो शनिवारीच होडी काढणार होता. शमिकाने त्याला थांब म्हटलं. सगळं सांगितलंही, तार, वेस, वर्णन. भगोने नीट ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे तुझो कान बरो, पण त्येंची जीभ खोटी. तसांच मां?"

"तसांच."

"आणि मागच्या साली?"

 मागच्या वर्षी कान खरंच चुकला होता. हुंकार आला म्हणजे लाट येतेच असं नाही. कधी ती वाटेतच विरते. भगोने जाळं खांद्यावर टाकलं. निशाण हिरवं होतं. बंदरातल्या सगळ्या होड्या जात होत्या. एकटी आपली वाळूत ठेवायला आता त्याच्यापाशी तोंड नव्हतं.

*

शनिवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. थापा ऐकू आल्या, खऱ्या. इंजिन कातळांच्या दिशेने विरून गेलं.

आणि त्याच्या मागून हुंकार आला.

मागच्या वर्षी तो ऐकू यायचा तो झोपेतल्या माणसासारखा. हा जागा होता. पडद्यावरची निळी रेष जाड होत चालली होती, श्वास घेत घेत, आणि दर श्वासाला मोठी. शमिकाने हेडफोन घट्ट दाबला. तळाच्या चिखलातून, कातळांच्या मुळांतून, काचेच्या त्या केसातून कुणीतरी वर येत होतं. खिडकीबाहेर पाणी तेलासारखं पसरलं होतं. खांबावर निशाण हिरवं.

ती मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात धावली. तिथे होड्यांशी बोलायचा वायरलेस होता. मॅनेजर काही विचारायच्या आत तिने माइक ओढला आणि सगळ्या होड्यांना परत फिरायला सांगितलं. आधी खरखर आली. मग कुणीतरी हसलं, कान दुखूक लागलो, म्हणालं. मग भगोचा आवाज आला.

"बाय, आमच्या सेटार हिरवां दिसताहा. केंद्राचां."

"दादा, ता माझां नाय. ता कोणाचांच नाय. तू वळ."

"जाळां टाकलंय. ओढूक तास जातलो."

"काप."

खरखर. जाळं कापणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. आईने, वहिनीने, तिने स्वतः पावसाळाभर बसून त्याच्या गाठी मारल्या होत्या. ते कापून रिकाम्या हाती परतायचं, आणि समुद्र दिवसभर पाळण्यासारखा हलत राहिला तर त्या टपरीवर पुन्हा कधी बसायचं नाही.

"बाय," भगो म्हणाला, "खरां सांग. तुका म्हायत असा, का नुसतां वाटता?"

शमिकाने डोळे मिटले. माहीत असं काहीच नव्हतं. एक आवाज होता, आणि मागच्या वर्षीही आवाजच होता.

"वाटता," ती म्हणाली. "माका भय वाटता, दादा."

 मग लोखंडाचा कसलासा आवाज, आणि भगो कुणाला तरी कोयता दे म्हणाला.

"वळलंस की कळव," ती ओरडली. "हात मार फळयेर. तीन नको. तीन कोणय मारीत. चार मार."

ती परत कानात धावली. हेडफोन चढवला. हुंकाराने आता सगळा पडदा भरला होता. त्याच्या आत इंजिन शोधणं म्हणजे सोसाट्यात कुणाचा श्वास शोधणं. तिने खालचे सूर बाजूला सारले, वेस सारते तसेच, आणि तसं करताना तिच्या अंगावर काटा आला. मग कातळांच्या बाजूने एक भुणभुण आली. ठप. ठप. ठप.

ती थांबली.

ठप.

तिने हेडफोन काढून ठेवला. वेशीशी या तारेचा काही संबंध नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. काच, प्रकाश, यंत्र, आणि ती. तरी ती खोलीत थांबू शकली नाही. कानावरचा विश्वास उडाला होता, आणि आता डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला काहीच खरं वाटणार नव्हतं. ती वाळूतून पाण्याच्या कडेपर्यंत धावत गेली आणि उन्हाला हात आडवा धरून उभी राहिली. दर्शना वहिनी आधीच तिथे होती. 

पहिली होडी भगोची आली. तिच्या मागून शेळकुंडीच्या बाकीच्या, एकमेकांना बघून वळलेल्या. भगोने जाळं कापलं म्हणजे काहीतरी असणार, एवढाच त्यांचा हिशेब. शेवटची होडी खाडीत शिरत असताना क्षितिजावर एक रेघ जाड झाली. आवाज नव्हता. ती रेघ चालत आली, बंदराचा धक्का ओलांडून गेली, आणि ओढून ठेवलेल्या होड्या तिने काड्यांसारख्या उचलून बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर आपटल्या. माणसं तोवर वरच्या वाडीत पळाली होती. भगोच्या होडीची फळी मधोमध फाटली. कानाची तार किनाऱ्यापाशीच तुटली, आणि पडद्यावरची निळी रेष सरळ झाली.

खाडीपलीकडच्या बंदरांवरही हिरवंच निशाण होतं. तिथे वायरलेसवर ओरडायला कुणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिथल्या बायका पाण्याच्या कडेला उभ्या होत्या.

*

रविवारी सकाळी राजाध्यक्ष साहेबांचा फोन आला. ते खूप हळहळले. मग चाचरत म्हणाले की वरून विचारणा झालीय, पण अडचण अशी की शनिवारच्या नोंदीत लाट नाही. नोंद अगदी स्वच्छ आहे. त्यामुळे केंद्राने अजून काही जाहीर करता येत नाही असं कळवलंय.

शमिकाने फोन ठेवला. ती कानात बसली होती. खोलीत चिखल होता, यंत्र बंद होतं, तार दाराबाहेर कापलेल्या केसासारखी लोंबत होती. भगो उंबऱ्यावर बसून चहा पीत होता. दुखरा पाय त्याने पुढे पसरला होता.

तिच्या फोनवर मेल आलं. फाइल मिळाली. समुद्र शांत.

तिने ऋजुताला फोन लावला आणि ती फाइल लावायला सांगितली. ऋजुताने काही न विचारता लावली. तीही रडत होती, हे तिच्या श्वासावरून कळत होतं. फोन मध्ये ठेवून भाऊ-बहिणीने ऐकलं. लाटा अंतराअंतराने येत होत्या. मासे किटकिटत होते. लांबून एक इंजिन जवळ आलं, खाडीच्या मुखाशी मंदावलं. ठप, ठप, ठप. मग ते उघड्या समुद्राकडे गेलं, लहान लहान होत, आणि विरलं.

भगोने कप खाली ठेवला. त्याची होडी समोर वाळूत दुभंगून पडली होती.

"बाय," तो म्हणाला, "मगे ह्यो कोण गेलो?"

 शमिका खिडकीतून पाहत होती. खाडीपलीकडे, जिथल्या बायका रात्रभर किनाऱ्यावरून हलल्या नव्हत्या, तिथल्या खांबावर निशाण हिरवं झालं होतं. आणि हरवलेल्यांना शोधायला निघालेल्या दोन होड्या पाण्यात ढकलल्या जात होत्या.

तळ आता काय बोलत होता ते सांगायला कुणी उरलं नव्हतं. तिने पेन ड्राइव्ह ओच्यात बांधला. भगो लंगडत उठला, आणि त्या होड्या थांबवायला दोघं पलीकडच्या वाटेला धावू लागली.